सर्व्हरवरची फाइल क्लायंट नेमकी ओळखतो कशी? एनएफएसच्या हँडलबद्दल

कर्नलवेडा (धागाकर्ता)

एनएफएस, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या वापरू देणारी व्यवस्था, वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाने 'स्टेल फाइल हँडल' हा एरर कधी ना कधी पाहिलेला असतो. अनमाउंट करून परत माउंट केलं की तो जातो, म्हणून सहसा कोणी मुळाशी जात नाही. मला मात्र हा एरर जिथून उगवतो तो एनएफएसच्या रचनेतला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग वाटतो. त्यावर मराठीत नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतोय.

आपल्याच डिस्कवरची फाइल उघडली की कर्नल प्रोग्रॅमला एक डिस्क्रिप्टर देतो आणि बाकीचं सगळं, म्हणजे फाइल कोणती, कुठपर्यंत वाचून झाली, हे स्वतःच्या मेमरीत ठेवतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात एनएफएस बांधलं तेव्हा सर्व्हरने क्लायंटविषयी असं काहीही लक्षात ठेवायचं नाही, असं ठरवलं गेलं. सर्व्हर कोसळून परत उभा राहिला तर क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवायची आणि काम पुढे सुरू. पण सर्व्हरला काहीच आठवत नसेल तर 'मघाशी उघडलेली ती फाइल' असं त्याला सांगता येत नाही. प्रत्येक विनंतीत फाइलची संपूर्ण ओळख यावी लागते.

ही ओळख म्हणून पाथ का चालत नाही? कारण युनिक्समध्ये नाव हे फाइलचं नसतं, डिरेक्टरीतल्या एका नोंदीचं असतं. एका फाइलला हार्डलिंकमुळे चार नावं असू शकतात. उघडलेल्या फाइलचं नाव कोणी बदललं किंवा ती दुसऱ्या डिरेक्टरीत हलवली, तरी वाचणाऱ्याला फरक पडायला नको. पाथवर विसंबलो तर निम्मी फाइल वाचून झाल्यावर दुसऱ्याने त्या नावाखाली नवी फाइल ठेवली, की उरलेला निम्मा भाग नव्या फाइलचा येईल, आणि कुठेही एरर दिसणार नाही.

म्हणून हँडल, म्हणजे सर्व्हरने प्रत्येक फाइलला दिलेली ओळखखूण. क्लायंट लुकअपच्या विनंतीत डिरेक्टरीचं हँडल आणि एक नाव पाठवतो, सर्व्हर त्या नावाच्या फाइलचं हँडल परत देतो. लांबलचक पाथ असेल तर एकेक पायरी असं उतरत जायचं. सगळ्यात वरचं हँडल आवृत्ती २ आणि ३ मध्ये वेगळ्या माउंट प्रोटोकॉलकडून मिळतं. आवृत्ती ४ मध्ये तो प्रोटोकॉल गेला आणि 'मूळ डिरेक्टरीपासून सुरू कर' अशी विनंतीच आली.

हँडलच्या आत काय आहे हे क्लायंटने बघायचं नसतं. त्याच्या लेखी ते नुसते बाइट. आवृत्ती २ मध्ये बरोबर ३२, आवृत्ती ३ मध्ये (१९९५) जास्तीत जास्त ६४, आवृत्ती ४ मध्ये १२८ पर्यंत. आत काय भरायचं ते सर्व्हर ठरवतो. मूळ सनच्या रचनेत तीन गोष्टी होत्या: कोणती फाइलसिस्टीम, तिच्यातला कितवा आयनोड (नाव सोडून फाइलची बाकी माहिती ठेवणारी डिस्कवरची नोंद), आणि त्या आयनोडचा जनरेशन नंबर.

हा तिसरा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. फाइल डिलीट झाली की तिचा आयनोड मोकळा होतो आणि पुढच्या फाइलला मिळतो. बंद झालेला मोबाइल नंबर कंपनीने दुसऱ्या कोणाला द्यावा, तसंच हे. जुन्या माणसासाठी केलेला फोन अनोळखी घरात वाजतो. आयनोड नव्याने वापरला जाताना जनरेशन नंबर बदलतो, त्यामुळे जुनं हँडल घेऊन आलेल्या क्लायंटला सर्व्हर 'ही ती फाइल नाही' असं सांगू शकतो. तेच सांगणं म्हणजे स्टेल.

त्यामुळे माझं मत असं की स्टेल हा एनएफएसने पाळलेला शब्द आहे. एका हँडलने कधीही दुसरीच फाइल मिळता कामा नये. न मिळालेली चालेल. जाणकारांनी भर घालावी, पटत नसेल तर तेही लिहावं.

---

निशाचर

छान विषय. मी रोज ज्या बाजूने हे बघतो ती मांडतो.

हँडलमधल्या तीन गोष्टींपैकी प्रत्यक्षात सगळ्यात जास्त त्रास पहिली देते, फाइलसिस्टीमची ओळख. पूर्वी लिनक्सचा सर्व्हर तिथे डिव्हाइसचे मेजर-मायनर नंबर घालायचा. रीबूटनंतर डिस्क वेगळ्या क्रमाने सापडल्या की नंबर बदलायचे आणि एकही फाइल हललेली नसताना सगळे क्लायंट एकदम स्टेल व्हायचे. आता शक्यतो फाइलसिस्टीमचा यूयूआयडी (तिच्यावरच लिहिलेला, दुसऱ्या कोणाचा नसलेला क्रमांक) वापरला जातो, त्यामुळे हा प्रकार बराच थांबला. पण ज्यांना यूयूआयडीच नाही, उदाहरणार्थ टीएमपीएफएस किंवा फ्यूजवरच्या बऱ्याच फाइलसिस्टीम, त्या एक्सपोर्ट करायच्या, म्हणजे क्लायंटना उपलब्ध करून द्यायच्या, तर एक्सपोर्ट्स फाइलमध्ये एफएसआयडी (फाइलसिस्टीमचा ओळख क्रमांक) हाताने द्यावाच लागतो. दोन सर्व्हर एकमेकांची जागा घेणार असतील, म्हणजे एक पडला की दुसरा उभा, तर दोन्हीकडे तोच एफएसआयडी हवा. ही ओळ राहिली तर फेलओव्हर कागदावर यशस्वी होतो आणि क्लायंट मात्र अडकलेले असतात.

दुसरी गोष्ट, डेटा हलवणं. जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर आरसिंकने (फाइली एकेक करून कॉपी करणारी कमांड) सगळं नेलं, आयपी तोच, पाथ तोच, परवानग्या त्याच. तरी चालू असलेले क्लायंट स्टेल होणारच, कारण आरसिंक नव्या फाइली तयार करतो आणि त्यांना नवे आयनोड मिळतात. टारमधून रिस्टोअर केलं तरी हेच. ब्लॉकच्या पातळीवर जशीच्या तशी प्रत केली तर आयनोड, जनरेशन आणि यूयूआयडी तिन्ही टिकतात आणि हँडलही टिकतात. मायग्रेशनचं वेळापत्रक आखताना हा फरक आधीच लक्षात घ्या. आरसिंक असेल तर क्लायंट अनमाउंट करायची वेळ त्यात धरावीच लागते.

---

कर्नलवेडा

@निशाचर, तुमच्या आरसिंकच्या उदाहरणातच जनरेशन नंबरचं खरं काम दिसतं. समजा जुन्या आणि नव्या डिस्कला हाताने एकच एफएसआयडी दिलाय. एका क्लायंटकडे जुन्या डिस्कवरच्या २६२१४७ क्रमांकाच्या आयनोडचं हँडल आहे, ती एक लॉग फाइल आहे आणि तो तिच्यात लिहितोय. नव्या डिस्कवरही २६२१४७ हा आयनोड आहे, पण तिथे आता कोणाची तरी डेटाबेसची फाइल बसली आहे. फाइलसिस्टीमची ओळख जुळली, आयनोड जुळला. आता ती डेटाबेसची फाइल फक्त जनरेशन नंबरमुळे बचावते. तो नसता तर लॉगच्या ओळी थेट तिच्यात लिहिल्या गेल्या असत्या आणि क्लायंटला 'लिहिलं' असं उत्तरही मिळालं असतं.

एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइलसिस्टीमवर हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असेल तर एलएसअ‍ॅटर कमांडला व्ही हा पर्याय द्या. एक फाइल बनवा, आयनोड आणि जनरेशन टिपून ठेवा, फाइल काढून टाका, लगेच नवी बनवा. बहुतेक वेळा आयनोड तोच येतो आणि जनरेशन वेगळा.

---

सई_आर

वाचतेय, खूप स्पष्ट होतंय. एक शंका. एका मशीनवर मी फाइल उघडून ठेवली आणि दुसऱ्या टर्मिनलमधून ती डिलीट केली तरी पहिला प्रोग्रॅम वाचत राहतो. एनएफएसवरही एकाच क्लायंटवरून केलं तर तसंच होतं. पण दुसऱ्या मशीनवरून डिलीट केलं की स्टेल येतो. सर्व्हरला काहीच आठवत नाही म्हणता, मग पहिल्या बाबतीत ते चालतं कसं?

---

बिटबिट

@सई_आर, ते सर्व्हर करत नाही, तुमचा क्लायंट करतो. फाइल आपल्याच एखाद्या प्रोसेसने उघडलेली आहे हे क्लायंटच्या कर्नलला माहीत असतं. अशा वेळी तो डिलीटची विनंती पाठवतच नाही. त्याऐवजी फाइलचं नाव बदलून टिंब-एनएफएसने सुरू होणारं एक लांब नाव देतो. आयनोड तोच, म्हणून हँडल तसंच चालू राहतं. शेवटच्या प्रोसेसने फाइल बंद केली की मग खरं डिलीट. डिरेक्टरीत अधूनमधून सापडणाऱ्या त्या विचित्र लपलेल्या फाइली म्हणजे हेच, आणि क्लायंट मध्येच बंद पडला तर त्या तशाच मागे राहतात. दुसऱ्या मशीनच्या कर्नलला तुमच्या उघड्या फाइलचा पत्ता नसतो, म्हणून तो सरळ डिलीट करतो. आवृत्ती ४.१ मध्ये मात्र सर्व्हर फाइल उघडतानाच सांगू शकतो की डिलीट झाली तरी बंद होईपर्यंत मी ती राखेन.

आता मला ज्याची आवड आहे ते लिहितो. पॅकेट पकडून लिनक्स सर्व्हरचं हँडल उलगडून बघा. यूयूआयडी असलेली एक्स्ट-४ फाइलसिस्टीम तिच्या मुळापासून एक्सपोर्ट केली असेल तर आवृत्ती ३ मध्ये हँडल असं सुरू होतं:

०१ ०० ०६ ०१

पहिला बाइट हँडलच्या रचनेची आवृत्ती. दुसरा कायम शून्य. तिसरा सांगतो की फाइलसिस्टीमची ओळख कोणत्या प्रकारची आहे, ६ म्हणजे पूर्ण १६ बाइटचा यूयूआयडी. चौथा फाइलच्या ओळखीचा प्रकार, १ म्हणजे ३२ बिटचा आयनोड आणि ३२ बिटचा जनरेशन. मग १६ बाइट यूयूआयडी, ४ बाइट आयनोड, ४ बाइट जनरेशन. एकूण २८. वर कर्नलवेडा यांनी दिलेला २६२१४७ आयनोड इंटेलच्या मशीनवर ०३ ०० ०४ ०० असा दिसेल, कारण लहान बाइट आधी लिहिला जातो. हाताने एफएसआयडी दिला असेल तर तिसरा बाइट ०१ होतो, यूयूआयडीच्या जागी फक्त ४ बाइट येतात आणि सगळं हँडल १६ बाइटमध्ये आटोपतं. स्टेलचं कारण शोधताना आधीचं आणि नंतरचं हँडल शेजारी ठेवा. कोणता भाग बदलला यावरून डिस्क बदलली, एक्सपोर्ट बदललं की फाइलच नवी आहे, हे लगेच कळतं. मला यापेक्षा सरळ पद्धत माहीत नाही.

फाइलसिस्टीमप्रमाणे आतला मजकूर बदलतो. बीटीआरएफएसमध्ये प्रत्येक सबव्हॉल्यूमच्या मुळाचा आयनोड २५६ असतो, म्हणून हँडलमध्ये सबव्हॉल्यूमचा क्रमांकही घालावा लागतो. फॅटमध्ये तर डिस्कवर आयनोड नावाची गोष्टच नाही. तिथे लिनक्सचा एक पर्याय डिरेक्टरीतली नोंद डिस्कवर कुठे आहे त्या जागेवरून ओळख बनवतो, आणि नाव बदलताच ती जागा बदलत असल्याने तो पर्याय फक्त वाचण्यापुरता आहे.

---

दुवाजोड

धागा चांगला आहे, पण मूळ पोस्टमधल्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. सर्व्हरने काही लक्षात ठेवायचं नाही ही अट स्वतःच घालून घेतली, म्हणून ओळख आयनोडला बांधावी लागली. एसएमबीने (विंडोजच्या फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल) ती अट घातली नाही. तिथे क्लायंट पाथ देऊन फाइल उघडतो आणि सर्व्हर १६ बाइटचा फाइल आयडी देतो. तो त्या सेशनपुरता खरा. नेटवर्क थोडा वेळ गेलं तरी टिकणारी ड्युरेबल हँडलही त्यात आहेत. सर्व्हरच्या फाइलसिस्टीमला कायमस्वरूपी आयनोड असायलाच हवा अशी सक्ती नाही.

आणि एनएफएसच्याच आवृत्ती ४ ने व्होलाटाइल हँडल आणली की. काही काळाने हँडलची मुदत संपली असं सर्व्हर सांगू शकतो, क्लायंटने पाथ लक्षात ठेवून पुन्हा लुकअप करायचा. म्हणजे प्रत्येक सर्व्हरला कायमची ओळख देणं जमत नाही हे प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनीही मान्य केलं.

एएफएस या दुसऱ्या नेटवर्क फाइलसिस्टीमचं उदाहरणही घ्या. तिथली ओळख म्हणजे ३२ बिटचे तीन आकडे: व्हॉल्यूम, व्हीनोड आणि युनिकिफायर. सर्व्हर कोणता हे त्यात नाहीच. व्हॉल्यूम सध्या कोणत्या सर्व्हरवर आहे ते वेगळ्या डेटाबेसला विचारायचं. व्हॉल्यूम चालू असताना एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवलं तरी फाइलची ओळख तीच. निशाचर यांना फेलओव्हरसाठी एफएसआयडी जुळवत बसावं लागतं ते याच गोष्टीच्या अभावी.

---

कर्नलवेडा

@दुवाजोड, एएफएसचा मुद्दा मनापासून मान्य. ओळखीतून जागा वेगळी काढणं हा जास्त चांगला विचार होता. पण बघा, तिथेही तिसरा आकडा आहेच. युनिकिफायर म्हणजे जनरेशन नंबरचंच काम. प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ९पी प्रोटोकॉलमध्येही सर्व्हर प्रत्येक फाइलसाठी १३ बाइटचा क्यूआयडी देतो, आणि फाइल काढून त्याच नावाने पुन्हा बनवली तर त्यातला ८ बाइटचा पाथ-क्रमांक वेगळाच हवा असा नियम आहे. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी विचार केला तरी 'जुनी ओळख नव्या फाइलला लागू नये' इथेच सगळे आले.

व्होलाटाइल हँडलविषयी मात्र मी ठाम आहे. मुदत संपल्यावर नावाने पुन्हा शोधायचं म्हणजे आपण जिथून पळालो तिथेच परत आलो. मधल्या वेळात कोणी नाव बदललं तर फाइल सापडणार नाही, आणि त्या नावाखाली दुसरी फाइल आली असेल तर ती सापडेल. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा कितीतरी वाईट. ज्या सर्व्हरला खरोखर इलाज नाही त्याच्यासाठी ती सोय ठीक आहे. रचनेचा आदर्श म्हणून नको.

एसएमबीशी तुलना करताना एक लक्षात घ्या. आवृत्ती ४ मध्ये एनएफएसनेही उघडलेल्या फाइलींची आठवण ठेवायला सुरुवात केली, पण ती हँडलमध्ये घातली नाही. त्यासाठी १६ बाइटचा स्टेटआयडी वेगळा आहे. फाइल कोणती ते हँडल सांगतं, आणि कोणाचं कोणतं उघडणं ते स्टेटआयडी सांगतो. सर्व्हर रीबूट झाला की स्टेटआयडी नव्याने मिळवावे लागतात, हँडल मात्र तीच राहतात. ही फारकत मला फार समाधानाची वाटते.

---

दुवाजोड

स्टेटआयडीचा मुद्दा पटला. व्होलाटाइलवर मतभेद कायम ठेवतो. आयनोडच नसलेल्या स्टोरेजसमोर एनएफएसचा सर्व्हर उभा करायचा तर दुसरं काय करणार? एकतर प्रत्येक फाइलच्या ओळखीचा स्वतंत्र डेटाबेस कायमचा सांभाळा, नाहीतर मुदतीची हँडल द्या. पहिला पर्याय चांगला, पण तो डेटाबेस गेला की सगळंच गेलं.

---

प्रहरी

सुरक्षिततेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आवृत्ती २ आणि ३ मध्ये, विशेषतः साध्या यूआयडीवर (वापरकर्त्याच्या क्रमांकावर) विश्वास ठेवणाऱ्या सेटअपमध्ये, हँडल ज्याच्याकडे आहे त्याला माउंट प्रोटोकॉलची पायरी गाळून थेट वाचायची विनंती पाठवता येते. आणि वर बिटबिट यांनी दाखवलंच की आतले आकडे किती अंदाज करण्याजोगे आहेत. म्हणूनच जुन्या सनओएस आणि बीएसडीवर एफएसआयरँड नावाची कमांड होती. ती आयनोडचे जनरेशन नंबर विस्कटून यादृच्छिक करून टाकायची.

याचा आजही होणारा परिणाम असा. फाइलसिस्टीमचा फक्त एक उपविभाग एक्सपोर्ट केला तर हँडलवरून फाइल त्या उपविभागात आहे की बाहेर, हे सर्व्हरला कळत नाही. आयनोडवर पत्ता लिहिलेला नसतो. सबट्री-चेक हा पर्याय त्यासाठीच होता. तो हँडलमध्ये पालक डिरेक्टरीची ओळखही घालतो. पण मग उघडलेली फाइल दुसऱ्या डिरेक्टरीत हलवली की हँडल निकामी होतं, म्हणजे ज्यासाठी हँडल आणलं तेच मोडतं. एनएफएस-युटिल्स या लिनक्सच्या एनएफएस साधनांच्या १.१.० आवृत्तीपासून तो पर्याय मुळात बंदच ठेवला गेला, आणि माझ्या मते ते योग्य झालं. जे बाहेर द्यायचं आहे त्यासाठी वेगळी फाइलसिस्टीम करा, हाच खरा उपाय.

हे फक्त नेटवर्कपुरतं नाही. लिनक्समध्ये २.६.३९ पासून हँडल मिळवण्याचे आणि हँडलवरून फाइल उघडण्याचे सिस्टीम कॉल आहेत. दुसऱ्या कॉलला खास परवानगी लागते, कारण पाथवरच्या डिरेक्टरींच्या परवानग्या तो तपासतच नाही. २०१४ मध्ये डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) याच्या १.० आधीच्या आवृत्तीत कंटेनरला ही परवानगी राहिली होती. आयनोड २ हा एक्स्ट फाइलसिस्टीमचा मूळ आयनोड असतो, तिथून सुरुवात करून कंटेनरमधून यजमान मशीनच्या फाइली वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तेव्हा प्रसिद्ध झाला होता.

---

आद्या_के

सगळा धागा सलग वाचला, धन्यवाद. आता माझी प्रत्यक्षातली अडचण. आमच्याकडे अ‍ॅप्लिकेशनची डिरेक्टरी एनएफएसवर आहे. नवी आवृत्ती टाकताना स्क्रिप्ट सर्व्हरवर जुनी डिरेक्टरी पूर्ण काढते आणि त्याच नावाने नवी बनवते. त्यानंतर त्या डिरेक्टरीत उघडं असलेलं टर्मिनल स्टेल दाखवतं, पण नवीन टर्मिनल उघडून पूर्ण पाथने बघितलं तर सगळं व्यवस्थित. दोन्हीकडे पाथ अक्षर न अक्षर तोच आहे.

---

बिटबिट

पाथ तोच आहे, डिरेक्टरी तीच नाही. जुन्या टर्मिनलची 'सध्याची डिरेक्टरी' म्हणजे कर्नलने धरून ठेवलेलं जुन्या आयनोडचं हँडल. नवीन टर्मिनल वरून एकेक नाव लुकअप करत आलं, म्हणून त्याला नव्या डिरेक्टरीचं हँडल मिळालं. जुन्या टर्मिनलमध्ये पूर्ण पाथ देऊन परत सीडी करा, तिथल्या तिथे सुटेल. अनमाउंट करायची गरज नाही. पाथ देऊन केलेल्या कॉलवर स्टेल आला तर लिनक्सचा क्लायंट स्वतःच एकदा नव्याने लुकअप करून बघतो. आधीच उघडलेल्या फाइलला आणि चालू डिरेक्टरीला मात्र ती सोय नाही, कारण तिथे शोधायला नावच नसतं.

---

आद्या_के

सीडीने टर्मिनल सुटलं. पण त्याच डिरेक्टरीतून सुरू केलेल्या सर्व्हिसना तसं सांगता येत नाही, त्या रीस्टार्टच कराव्या लागतात ना? आणि एक विचारते, काढून टाकण्याऐवजी जुन्या डिरेक्टरीचं फक्त नाव बदललं तर?

---

निशाचर

हो, चालू सर्व्हिसना रीस्टार्ट लागेल.

नाव बदललं तर स्टेल येणार नाही, कारण आयनोड तोच. पण मग त्या सर्व्हिस निमूटपणे जुन्याच डिरेक्टरीतल्या फाइली वाचत राहतील. रीस्टार्ट टप्प्याटप्प्याने करणार असाल तर नेमकं हेच हवं असतं. प्रत्येक आवृत्तीला वेगळ्या नावाची डिरेक्टरी द्या, चालू आवृत्तीकडे एक सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी नोंद) ठेवा आणि नवी आवृत्ती आली की तेवढा सिमलिंक वळवा. सिमलिंक आधी काढून मग बनवू नका. नव्या नावाने बनवा आणि जुन्यावर रिनेम करा, म्हणजे मधे एक क्षणही तो गायब राहत नाही. सगळ्या सर्व्हिस रीस्टार्ट झाल्याची खात्री झाली की मगच जुनी डिरेक्टरी काढा. सर्व्हरवर एलएसओएफ (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) चालवून 'कोणी वापरत नाही' असं दिसलं तर त्यावर जाऊ नका. क्लायंटकडे हँडल असलं तरी आवृत्ती ३ च्या सर्व्हरवर त्याचा मागमूस नसतो, त्यामुळे ती तपासणी प्रत्येक क्लायंटवर जाऊनच करावी लागेल.

---

आद्या_के

ही पद्धत स्क्रिप्टमध्ये घालते. एलएसओएफ आम्ही आत्तापर्यंत सर्व्हरवरच बघत होतो, ते आता क्लायंटवर हलवते.